तेलाच्या परतीच्या वाटेवर लगाम

विट्याच्या यंत्रमागावरचे कापड असो की साताऱ्याच्या पेठेतला माल, गाठ घट्ट बांधली तरच ट्रकभाडे परवडते. म्हणून आम्ही व्यापारी हायड्रॉलिक प्रेस घेतो. घेताना तो किती टनांचा, एवढेच विचारतो. सिलिंडरातले तेल बाहेर कसे पडते, हे विचारत नाही.

आमचीही तीच चूक झाली. जुना प्रेस घेतला. त्याची वरची जड प्लेट धाडकन खाली येई, मध्येच अडे, पुन्हा झटका देई. एकदा बारदान सरळ करणाऱ्या कामगाराचा हात थोडक्यात वाचला. मग फिटरजवळ बसून आम्ही जे शिकलो, ते येथे मांडतो.

आधी ट्रॅक्टरची उलटणारी ट्रॉली पाहा. पंपाच्या तेलाने ती वर उठते, पण खाली येते ती स्वतःच्या वजनाने. तेलाची परतीची वाट जितकी अरुंद, तितकी ती सावकाश उतरते.

आमच्या प्रेसमध्ये सिलिंडर वर असून प्लेट पिस्टनच्या दांड्याला लटकलेली असते. वरून तेल आत येते, खालचे बाहेर पडते. आत जाणारे तेल आवरण्याला ‘मीटर-इन’ म्हणतात. भार नुसता ढकलायचा असेल तेथे ते चालते. येथे मात्र वजनच पिस्टनला ओढते. बाहेरची वाट मोकळी असेल तर पिस्टन पंपाच्या पुढे धावतो, वर पोकळी होते आणि ती भरेपर्यंत प्लेट अडते.

यावर उपाय ‘मीटर-आउट’. फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह बाहेर पडणाऱ्या तेलाच्या वाटेवर बसवावा. तेल जेवढे बाहेर जाईल तेवढाच पिस्टन सरकेल. त्यातला चेक व्हॉल्व्ह उलट दिशेने तेल मोकळे सोडतो, म्हणून प्लेट वर जाताना वेळ जात नाही.

मग गाठ सैल राहील काय? नाही. गाठ दबून पिस्टन थांबत आला की बाहेर जाणारे तेलही थांबते, उलट दाब उतरतो आणि पूर्ण जोर गाठीवर पडतो.

आता हिशेब. सिलिंडर १०० मि.मी. आणि दांडा ७० मि.मी. व्यासाचा धरा. पिस्टनचे वरचे क्षेत्रफळ ७८.५ चौ. सें.मी., खालचे दांडा वगळून ४०. वर दर चौ. सें.मी.ला १०० किलो दाब असताना खालची वाट कोंडली, तर खाली १९६ किलो दाब होतो. प्लेट १,००० किलोची असेल तर आणखी २५. म्हणजे वरचा गेज १०० दाखवतो आणि खालचा होज २२१ सोसतो! होज व सील त्याच हिशेबाने घ्यावेत.

आणखी एक एहतियात. हा व्हॉल्व्ह वेग आवरतो, वजन धरून ठेवत नाही. तो सिलिंडरपासून दूर असेल आणि मधला होज फुटला, तर प्लेट कोसळेल. त्यासाठी सिलिंडरच्या तोंडाशीच काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह हवा. तो असला तरी लोखंडी टेकू लावल्याशिवाय कोणी प्लेटखाली हात घालू नये.

१९१० साली किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिलेल्या या मुलखात जाणकार फिटर मिळणे कठीण नाही. प्रेस घेण्यापूर्वी त्याला सोबत न्यावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात : व्हॉल्व्ह कोणत्या वाटेवर आहे? खालचा होज किती दाबाचा आहे? प्लेटला टेकू आहे का? व्यापारातला तोटा भरून निघतो. मजुराचा हात मात्र आपल्याकडे दिलेली अमानत आहे. तो गेला तर परत देता येत नाही.