आधी नाव, मग घाव

धाराशिवहून मुंबईचा समुद्र रस्त्याने चारशे किलोमीटरच्या आसपास पडतो. त्यामुळे इथल्या घरात खाऱ्या पाण्याचा, प्रवाळांचा टँक लावायचा तर आधी समुद्रच तयार करावा लागतो. आरओचं पाणी, त्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम सागरी मीठ, आणि मग पुण्या-मुंबईहून नाहीतर बंगळूरहून पार्सलने आलेले दगड, फ्रॅग (म्हणजे प्रवाळांचे लागवडीचे तुकडे), मासे. असे टँक जिल्ह्यात मोजकेच असतील. पण ज्यांनी ते लावले त्यांना एक प्रसंग सहसा चुकत नाही. दगडाच्या भेगेतून न मागवलेला, न पैसे मोजलेला एक जीव डोकावू लागतो. देठासारखं अंग, वर पातळ बोटांचा झुबका, रंग तपकिरी. हे समुद्रपुष्प आहे एवढं कळतं. कोणतं आहे ते कळत नाही. मग कुणी फुकटात मिळालं म्हणून त्याला कोळंबीचा तुकडा भरवतो, तर कुणी चिमटा घेऊन उपटायला बसतो. माझ्या मते दोन्ही गोष्टी घातक आहेत आणि दोन्हींचं मूळ एकच आहे: नाव कळायच्या आधी हात चालवणं. हे नाव रंगावरून किंवा एखाद्या फोटोवरून ठरत नाही. तो जीव कोणत्या वाटेने आला, डिवचल्यावर कसा वागतो आणि त्याचा तळ कसा आहे, या तीन गोष्टींवरून ते ठरतं.

पैकी वाटेच्या बाबतीत धाराशिवचा माणूस किनाऱ्यावरच्या माणसापेक्षा सुखी आहे. किनाऱ्याजवळ राहणारा हौशी माणूस कॅन भरून समुद्राचं पाणी आणतो, कधी वाळूही आणतो, आणि त्यासोबत काय काय घरात शिरलं याचा पत्ता त्यालाही लागत नाही. आपल्या नळाला उजनीचं पाणी येतं, बाकीची गरज बोअर भागवतं. त्यातून समुद्रपुष्प येणं अशक्य. म्हणजे टँकमधला प्रत्येक समुद्री जीव कोणत्या ना कोणत्या पार्सलमधून आलेला असतो, आणि पार्सलं मोजता येतात. एका साध्या वहीत तारीख, दुकान, काय आलं आणि टँकमध्ये कुठे ठेवलं एवढं लिहिलं तरी अर्धं काम झालं. सुका, मेलेला दगड वापरून टँक सुरू केला असेल तर दगडावर संशय घेण्यात अर्थ नाही. तेव्हा फ्रॅगचा तळ, शैवालाचा पुंजका किंवा गोगलगायीचा शंख तपासावा. यात एक मेखही आहे. चिमुकलं समुद्रपुष्प भेगेत कित्येक महिने दिसत नाही, म्हणून सर्वांत शेवटी आलेलं पार्सलच दोषी असेल असं नाही. वही संशयितांची यादी देते, निकाल देत नाही.

निकालाकडे नेणारी गोष्ट म्हणजे वागणूक. घरगुती टँकमध्ये न बोलावता येणाऱ्या समुद्रपुष्पांमध्ये सर्वांत जास्त आढळतं ते अ‍ॅप्टेशिया. शास्त्रीय नाव एक्सायप्टेशिया डायफाना. त्याचा देठ उंच, स्पर्शक लांब आणि टोकाला निमुळते होत गेलेले. पंप बंद करून ड्रॉपरने त्याच्यावर हलकी धार सोडली की ते डोळ्याचं पातं लवायच्या आत भेगेत गडप होतं. जास्त त्रास दिला तर अंगातून पांढरे, बारीक धागे बाहेर फेकतं. हे धागे दंशपेशींनी भरलेले असतात आणि ते काही ठरावीक गटांतल्या समुद्रपुष्पांकडेच असतात, म्हणून ते दिसले की ओळख बरीच पक्की होते. रंगावर मात्र विसंबू नये. अ‍ॅप्टेशियाचा तपकिरीपणा त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा असतो. प्रवाळ आणि शैवाल यांचं सहजीवन अभ्यासण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा हाच प्राणी पाळतात, २०१५ मध्ये त्याचा जनुकसंचही प्रसिद्ध झाला. या प्रयोगशाळांत थंडीचा धक्का देऊन किंवा मेंथॉल वापरून त्याच्यातलं शैवाल काढून टाकतात. प्राणी पांढराफटक पडतो, पण खाऊ घातलं तर जगतो. तेव्हा कमी उजेडातल्या भेगेत पांढरं समुद्रपुष्प दिसलं म्हणून ती वेगळी जात ठरत नाही. या प्रयोगशाळांमधून दुसरीही एक गोष्ट कळते. तिथले काही वंश एकाच प्राण्यापासून वाढवलेले आहेत, जोडीदाराशिवाय. अ‍ॅप्टेशिया सरकताना तळाचे बारके तुकडे मागे सोडतं आणि त्या तुकड्यातून नवा प्राणी उभा राहतो. चिमट्याने उपटणारा माणूस नेमकं हेच काम त्याच्या वतीने करत असतो.

आता त्याच्यासारखे दिसणारे. मजानो नावाचं समुद्रपुष्प ठेंगणं असतं, त्याचे स्पर्शक आखूड आणि बोथट, टोकं पुष्कळदा गुलाबी किंवा हिरवट. ते सुंदर दिसतं आणि तिथेच घात होतो, कारण क्लाउनफिशचं घर असणाऱ्या बबल-टिप समुद्रपुष्पाचं पिल्लू समजून लोक ते कौतुकाने वाढवतात. दुसरं म्हणजे फक्त अंधारात उमलणारं, स्पर्शकांच्या टोकाला गोळे असणारं स्युडोकोरिनॅक्टिस. टॉर्च घेऊन रात्री पाहिल्याशिवाय ते सापडतच नाही, आणि लहान असेपर्यंत त्याचा फारसा उपद्रव नसतो. तिसरी शक्यता अशी की ते समुद्रपुष्पच नाही, दगडी प्रवाळाचं पिल्लू आहे. इथे तळ पाहावा: ते आक्रसलं की खाली चुन्याचा कडक पेला आणि त्याच्या कडेला उभ्या धारा दिसतात; समुद्रपुष्पाला असा सांगाडा नसतोच. हे पाहणं केवळ हौसेपोटी नाही. २००१ मध्ये दगडी प्रवाळांच्या सगळ्या जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतल्या गेल्या. अशा जीवाची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे, आणि तो ‘लाइव्ह रॉक’ म्हणजे जिवंत दगड म्हणून पार्सलने आला तरी गुन्ह्याचं स्वरूप बदलत नाही. विक्रेता या विषयावर गप्प बसतो, म्हणून विचारणं आपल्याकडे येतं.

एवढी खटपट कशाला, मोबाइलवर फोटो काढला की अ‍ॅप नाव सांगतं, असं म्हणणारे भेटतात. फोटो जरूर काढावा. माझा आक्षेप एकाच फोटोला आहे. समुद्रपुष्पाला हाडं नाहीत, कवच नाही. तेच एक सकाळी देठ ताणून उभं असतं, दुपारी गोळा होऊन बसतं, आणि निळ्या दिव्याखाली त्याचा रंग तिसराच दिसतो. मुंबईच्या किनाऱ्यावर ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा उपक्रम २०१७ पासून सुरू आहे. हाजी अलीच्या खडकांवर, गिरगावात, कार्टर रोडला ओहोटीच्या वेळी दिसणारे जीव ही मंडळी टिपतात आणि आयनॅचरलिस्टवर नोंदवतात. तिथे एखादी नोंद जातीपर्यंत पक्की मानायची तर नाव देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिकांचं एकमत लागतं. समुद्रपुष्पांच्या अनेक नोंदी तिथे कुळापर्यंत किंवा गणापर्यंत येऊन थांबतात. जाणकारच जातीचं नाव घ्यायला कचरतात, तिथे अ‍ॅपने दोन सेकंदांत दिलेलं नाव हा फक्त अंदाज म्हणून घ्यावा. दिवसाचा, रात्रीचा, आक्रसलेला, पांढऱ्या दिव्याखालचा, असे चार-पाच फोटो आणि ड्रॉपरच्या धारेनंतरचा छोटा व्हिडिओ जाणत्या माणसाला दाखवला तर उत्तर बरंच भरवशाचं मिळतं. मुंबईला जाणं झालंच तर ओहोटीची वेळ पाहून खडकांवर एक फेरी मारावी; जिवंत समुद्रपुष्पं पाहिलेला डोळा टँकपुढे कमी फसतो. तिथून काही उचलून मात्र आणू नये.

वेळेचा आक्षेप जास्त वजनदार आहे. ओळखत बसाल आणि तोवर एकाची दहा होतील, असं अनुभवी लोक सांगतात, आणि वाढीचा वेग पाहता त्यांची भीती खोटी नाही. पण थांबायचं म्हणजे टँकमध्येच ठेवून पाहत बसायचं असं कुणी सांगितलं? दगड हलवता येत असेल तर तो हवेचा पंप आणि हीटर लावलेल्या वेगळ्या खाऱ्या बादलीत ठेवावा. तिथे आठवडा गेला तरी टँकचं काही बिघडत नाही. उलट घाईचा उपाय किती महागात पडतो ते पाहा. बर्गिया नावाची सागरी गोगलगाय केवळ अ‍ॅप्टेशियावर जगते. पाहुणा मजानो निघाला तर ती उपाशी मरते आणि पैसे बुडतात. पेपरमिंट कोळंबी पुष्कळदा अ‍ॅप्टेशिया खाते, मजानोकडे सहसा ढुंकून पाहत नाही. त्यात तिच्या नावाखाली कधीकधी कॅमल कोळंबी खपवली जाते. ती पाठीला कुबड असलेली, मोठ्या डोळ्यांची; अ‍ॅप्टेशिया सोडून आपले मऊ प्रवाळच कुरतडायला लागते. म्हणजे रोगाबरोबर औषधाचीही ओळख पटवावी लागते! आपल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हा कागदोपत्री उस्मानाबाद असलेल्या आपल्या जिल्ह्यात सोयाबीनची कोवळी रोपं गोगलगायींनी फस्त केली. गोगलगाय कीटक नाही, ती मृदुकाय. नेहमीच्या कीटकनाशकाच्या फवारणीवर तिथे भिस्त ठेवून चालत नव्हतं. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं पसरून सकाळी वेचणी करा आणि मेटाल्डिहाइडच्या गोळ्या वापरा, असा सल्ला द्यावा लागला. प्राण्याचा वर्ग चुकला की औषध चुकतं, मग ते एकरभर शेत असो की चार फुटांचा काचेचा टँक.

काही जण यापुढे जाऊन म्हणतात की नावाची गरजच नाही. दगड काढा, उकळत्या पाण्यात घाला, जे असेल ते मरेल. हा सल्ला मला सगळ्यांत धोक्याचा वाटतो. समुद्रपुष्प म्हणून जे दिसतं ते झोअँथिड असू शकतं. बटणांसारखे सपाट जीव, कडेला आखूड स्पर्शकांची झालर, आणि खाली सगळ्यांना जोडणारी एकच चामडी साय, ही त्यांची खूण. त्यांच्यापैकी काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन असतं. हवाईच्या समुद्रातल्या अशाच जीवातून १९७१ मध्ये वेगळं काढलेलं हे विष पेशींतला सोडियम-पोटॅशियमचा पंपच सताड उघडा ठेवतं. कोणत्या झोअँथिडमध्ये ते आहे आणि कोणत्यात नाही, हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही. दगड उकळला किंवा ब्रशने खरवडला की ते वाफेतून, तुषारांतून श्वासात जाऊ शकतं. अलास्कात २०१२ ते २०१४ या काळात घरांत आणि मत्स्यालयांच्या दुकानांत झोअँथिडशी संबंध आल्यावर लोक आजारी पडले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१५ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. आपल्याकडे असा रुग्ण धाप आणि ताप घेऊन दवाखान्यात गेला तर डॉक्टरांच्या मनात घरातला टँक येणार नाही. तो आपण सांगायला हवा.

ओळख पटून ते अ‍ॅप्टेशियाच निघालं, तर उपाय अवघड नाहीत. एक-दोनच असतील तर पंप थांबवून कॅल्शियम हायड्रॉक्साइडची, म्हणजे चुन्याची, दाट पेस्ट सिरिंजने त्याच्या तोंडावर सोडावी. एका वेळी थोडीच, कारण जास्त झाली तर पाण्याचा पीएच चढतो. मासे जेवतील तेवढंच खाद्य घालावं, उरलेलं सगळं अ‍ॅप्टेशियाच्या पोटात जातं. धाराशिवच्या उन्हाळ्याचाही विचार ठेवावा. एप्रिल-मेमध्ये वीज गेली आणि चिलर बंद पडला की प्रवाळ आधी कोमेजतात. अ‍ॅप्टेशिया त्यांच्यापेक्षा चिवट आहे आणि मोकळी झालेली जागा तेच बळकावतं. म्हणून सफाई फेब्रुवारीपर्यंत उरकलेली बरी.

आणि ओळख पटलीच नाही तर? तो दगड बादलीतच राहू द्या. पाण्यात हात घालताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या, मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवा, फोटो आणखी दोघा जाणत्यांना दाखवा. नाव पक्कं होईपर्यंत त्या दगडाला ना उकळतं पाणी लावा, ना ब्रश.