‘केफ्री’ची एक ओळ तपासताना

लिनक्स कर्नलमधल्या मेमरी गळतीवरची दुरुस्ती पुष्कळदा एकाच ओळीची असते. मध्येच एरर आली, फंक्शन बाहेर पडले, घेतलेली मेमरी परत करायची राहिली, म्हणून एक ‘केफ्री’ घातला. अशा पॅचला चटकन होकार द्यावासा वाटतो. पण गळतीने थोडी मेमरी अडकते. दुसऱ्या कुणाच्या ताब्यातली मेमरी मोकळी झाली तर यंत्रणा कोसळते, प्रसंगी हल्लेखोराला वाट मिळते. 2020 मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी चटकन होकार देण्याच्या याच सवयीचा फायदा घेतला. किरकोळ दुरुस्ती म्हणून त्यांनी असे बदल पाठवले, की मोकळी झालेली मेमरी पुन्हा वापरली जावी. एप्रिल 2021 मध्ये कर्नलचे देखभालकर्ते ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून आलेले 190 बदल उलटवायला काढले. त्यांतले बरेचसे निर्दोष निघाले, पण ते ठरवायला एकेक बदल पुन्हा वाचावा लागला.

1. आधी पॅचचे वर्णन वाचावे. गळती कोणत्या वाटेने होते आणि ती कशी सापडली, हे त्यात असायला हवे. कोड न चालवता तपासणाऱ्या साधनाने ती दाखवली असेल, तर अधिक सावध राहावे. मेमरी शेवटी कोण परत करणार हे अशा साधनाला बरेचदा कळत नाही.

2. मग संपूर्ण फंक्शन उघडावे. डिफमध्ये बदलाच्या वरखाली तीनच ओळी दिसतात, तेवढ्यावर काही ठरत नाही. काय काय घेतले ते क्रमाने कागदावर लिहावे आणि प्रत्येक ‘गोटू’ ज्या लेबलावर जातो तिथून ते उलट्या क्रमाने परत होते का, ते जुळवावे. कागदाचा सल्ला जुनाट वाटेल, पण चार लेबले झाली की डोक्यात हिशेब राहत नाही.

3. आता मुख्य प्रश्न: या मेमरीची मालकी या क्षणी कोणाकडे आहे? इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. समजा, एका ड्रायव्हरने ‘केझॅलॉक’ने एक रचना घेतली, तिच्या पोटात ‘स्ट्रक्ट डिव्हाइस’ आहे. ‘डेव्ह_सेट_नेम’ने नाव दिले आणि ‘डिव्हाइस_रजिस्टर’ला हाक मारली. ती फसली तर जुना कोड नुसती एरर परत करतो. पॅच तिथे केफ्री घालतो. दिसायला बरोबर, प्रत्यक्षात चूक. नोंदणी फसली तरी त्या डिव्हाइसची संदर्भगणना, म्हणजे किती जण त्याला धरून आहेत याचा आकडा, सुरू झालेली असते. तिथे ‘पुट_डिव्हाइस’च हवे. आकडा शून्यावर आला की रिलीज फंक्शन रचना मोकळी करते आणि नावासाठी घेतलेली मेमरीही सुटते. नुसत्या केफ्रीने ते नाव गळतच राहते. कुणी पुट_डिव्हाइसच्या खाली केफ्रीही लिहिला, तर तीच मेमरी दोनदा मोकळी होते. म्हणून रिलीज फंक्शन स्वतः उघडून पाहावे. वर्णनावर विसंबू नये.

‘डेव्हएम_केझॅलॉक’ने घेतलेल्या मेमरीचे उत्तर सोपे आहे. प्रोब फसले किंवा ड्रायव्हर सुटला की कर्नल ती आपण होऊन परत करतो. तिला साधा केफ्री लावणारा पॅच परत पाठवावा.

डिव्हाइस ट्रीच्या नोडवरून फिरणाऱ्या ‘फॉर_ईच_चाइल्ड_ऑफ_नोड’मधून मध्येच बाहेर पडल्यास ‘ऑफ_नोड_पुट’ लागते. फेरी शेवटपर्यंत गेली तर लागत नाही. फेरी पुढे चालू राहणाऱ्या वाटेवर ते घातले तर नोडच्या संदर्भगणनेचा आकडा एकाने कमी पडतो.

4. घेणे आणि सोडणे यांची जोडी जुळवावी. ‘केव्हीमॅलॉक’ला ‘केव्हीफ्री’, किल्ल्या, पासवर्ड अशा गुप्त मजकुरासाठी ‘केफ्री_सेन्सिटिव्ह’, जे आधी मजकूर पुसते. केफ्रीला नल पॉइंटर चालतो, त्यामुळे त्याआधीची ‘इफ’ची तपासणी अनावश्यक. पॉइंटरमध्ये दडवलेला एरर कोड मात्र चालत नाही, तेव्हा फंक्शन नल देते की एरर पॉइंटर, हे पाहावे.

5. मेमरीकडे अजून कोण पाहते आहे? टायमर, वर्कक्यूमधले काम, इंटरप्टचा हँडलर हे सगळे थांबल्यावरच ती सोडता येते. ‘कॅन्सल_वर्क_सिंक’ केफ्रीच्या खाली आढळले, तर क्रम उलटा आहे. आरसीयूने वाचली जाणारी रचना ‘केफ्री_आरसीयू’ने, जुने वाचक बाहेर पडल्यावर, सुटली पाहिजे.

6. 2023 मध्ये 6.5 आवृत्तीत आपोआप साफसफाई करणारी सोय आली: चल घोषित करताना ‘__फ्री’ लिहिले की त्याची व्याप्ती संपताच मेमरी सुटते. नवा कोड त्याने सुबक होतो. पण एकाच फंक्शनात ती आणि गोटू मिसळू नयेत, असे कर्नलचे दस्तऐवज सांगतात. पॉइंटर बाहेर द्यायचा असेल तर ‘रिटर्न_पीटीआर’ किंवा ‘नो_फ्री_पीटीआर’ वापरले आहे ना, तेही पाहावे.

7. शक्य असेल तर चालवून पाहावे. एररची वाट रोजच्या वापरात क्वचितच चालते, म्हणून ‘फेलस्लॅब’ने मेमरी मुद्दाम नाकारायला लावावी. ‘केमेमलीक’ गळती दाखवतो. त्याच्या दहा मिनिटांच्या फेरीची वाट न पाहता डीबगएफएसमधल्या त्याच्या फाइलीत ‘स्कॅन’ लिहावे. एवढ्यावर थांबू नये: गळती बंद झाली हे केमेमलीक सांगेल, दोनदा मोकळी झाली हे ‘केएसॅन’ सांगेल. दुरुस्तीनंतर मला दुसरी चाचणी अधिक महत्त्वाची वाटते.

8. शेवटी टॅग. ‘फिक्सेस’मध्ये मूळ चूक आणणाऱ्या कमिटच्या ओळखक्रमांकाची किमान 12 अक्षरे हवीत, आणि तो कमिट खरोखर तोच आहे ना, हे उघडून पाहावे, कारण चुकीच्या टॅगमुळे दुरुस्ती भलत्याच जुन्या आवृत्त्यांत जाऊ शकते. त्याच फंक्शनात दुसरीकडेही तशीच गळती दिसली तर लेखकाला ओळ क्रमांकासह कळवावे. मालकीच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नसेल, तर ‘रिव्ह्यूड-बाय’ न देता नेमका प्रश्न विचारावा: ही मेमरी रिलीज फंक्शन सोडत नाही हे आपण कुठे पाहिलेत?