ताट जरा वर ठेव

"मावशी, मामंजी मुद्दाम सांडतात," असं परवा तू फोनवर म्हणालीस. तेव्हाच सांगणार होते, पण तुझ्या सासूबाई शेजारी होत्या. मुद्दाम नाही गं ते.

तुझे काकाही ताटाच्या पलीकडची भाजी संपवायचे, अलीकडची भाकरी तशीच. सदऱ्यावर पिठलं. मी चिडायचे. दोनदा चष्मा बदलला, पैसे गेले. दोष नंबरात नव्हताच, डोळे खाली वळत नव्हते. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला पीएसपी तो हाच. प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी. मेंदूत टाऊ नावाचं प्रथिन साचतं आणि नजर, तोल, गिळणं सांभाळणाऱ्या पेशी मरत जातात. टोरांटोच्या स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की यांनी १९६४ साली हा आजार नीट मांडला. लाखात पाच-सहा जणांना होणारा, म्हणून आधी सगळे पार्किन्सनच म्हणतात. पण पार्किन्सनचा माणूस पुढे वाकतो. हे ताठ राहतात आणि मागे पडतात, तेही सुरुवातीलाच. पार्किन्सनच्या गोळीचाही फारसा गुण येत नाही, तेव्हा डॉक्टरला बोल लावू नकोस.

ताट वर घे. मी पोळ्यांचा डबा उपडा घालून त्यावर ताट ठेवायचे. डबा सरकायचा, मग खाली ओलं फडकं. तेवढ्यानं निम्मं सांडणं थांबलं.

"उठा" म्हटलं की ताडकन उठतील आणि तसेच धपकन मागे. पुढून हात ओढू नकोस. बाजूला, जरा मागे उभी राहा. वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा वळसा घालू दे. हलका वॉकर त्यांच्यासकट मागे येतो. फिजिओथेरपिस्टला विचारून पुढच्या बाजूला वजन बांधून घे. पाइपलाइन रोडला फिरवणं मी लवकर बंद केलं, त्यांना गतिरोधक दिसायचाच नाही. जिना तर विसरच, झोपायची खोली खाली आण.

खरी भीती घशाची. पातळ पाण्याचाच ठसका लागतो आणि ते फुप्फुसात उतरतं. आमच्याकडे घट्ट ताक, नाचणीची आंबील चालायची. किती घट्ट हवं ते गिळण्याच्या तज्ज्ञाकडून ठरवून घे. हनुवटी जरा खाली, घास छोटा. आणि तोंडात घास असताना "अजून वाढू का?" विचारू नकोस, ते उत्तर द्यायला जातात. ताप आला, छातीत घरघरलं, तर सकाळची वाट बघायची नाही.

एरवी काही विचारलंस तर मनात दहा मोज. उत्तर येतं, उशिरा येतं. तुझे काका विनोदसुद्धा करायचे, पण लोक तोवर उठून गेलेले असायचे.

कागदाचंही बघ. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मेंदूचे जुनाट आजार धरले आहेत. यूडीआयडी कार्डाचा अर्ज करून ठेव. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, आजार वेगळा असला तरी घरच्यांचे प्रश्न बरेचसे तेच. सावेडीतून पुणं काही लांब नाही.

आणि हो, पोर पायाशी खेळतं तरी आजोबा बघत नाहीत, म्हणालीस ना? त्याला कडेवर घे आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धर.