पिल्लाचे पाय रस्त्याला कधी लावायचे?

पिल्लू घरात आलं की सल्ला देणारे दोन पक्ष लगेच तयार होतात. शेजारच्या काकू सांगतात, "चार महिने उंबरठा ओलांडू देऊ नका." गावाकडचे मामा फोनवर म्हणतात, "आमच्याकडे पिल्लं अंगणातच वाढली, कुणाला काय झालं?" मामांना आठवतात ती जगलेली पिल्लं. एका वेतातली उरलेली कुठे गेली, याचा हिशोब कुणी ठेवलेला नसतो. काकूंचं ऐकून पिल्लाला चार महिने फ्लॅटमध्ये कोंडलं, तर ते जगतं. पण पुढे रिक्षा, हेल्मेट घातलेला माणूस, लिफ्टचं दार अशा प्रत्येक गोष्टीला घाबरून भुंकणारा कुत्रा तयार होऊ शकतो.

म्हणून उत्तर आधीच सांगते. पिल्लाला कडेवर घेऊन जग दाखवणं घरी आल्यावर दोन-चार दिवसांतच सुरू करा. त्याचे पाय सार्वजनिक जमिनीला लावणं मात्र लसींचा पहिला क्रम पूर्ण होऊन दहा-चौदा दिवस झाल्यावर, म्हणजे बहुतेक पिल्लांच्या बाबतीत साधारण चार महिन्यांनंतर. बाहेरच्या हवेत फिरण्याने पिल्लू आजारी पडत नाही. त्याला धोका असतो तो इतर कुत्र्यांची शी-शू पडलेल्या जमिनीचा आणि अनोळखी कुत्र्यांच्या जवळिकीचा.

एका लसीने का भागत नाही?

जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी प्यायलेल्या चिकातून पिल्लाला आईची प्रतिपिंडं मिळतात. ही आईने बांधून दिलेली शिदोरी. ती असते तोवर पिल्लाचं संरक्षण होतं, पण तीच प्रतिपिंडं टोचलेल्या लसीलाही निकामी करतात. शिदोरी संपते कधी, हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं असतं. कुणाची सहाव्या-आठव्या आठवड्यात, तर कुणाची थेट सोळाव्या आठवड्याच्या आसपास. मधल्या काळात एक अवघड टप्पा येतो. आईची प्रतिपिंडं रोग अडवायला अपुरी असतात, पण लस हाणून पाडायला पुरेशी असतात. बाहेरून पाहून हा टप्पा ओळखता येत नाही. म्हणूनच एकदाच लस न देता दर दोन ते चार आठवड्यांनी देत जायची आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर द्यायचा, असं पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

आपल्याकडचा ढोबळ क्रम असा असतो. सहा ते आठ आठवड्यांचं असताना पपी डीपी (डिस्टेंपर आणि पार्वोची लस) किंवा एकत्रित लसीचा पहिला डोस. त्यानंतर ठरावीक अंतराने सेव्हन-इन-वन किंवा नाइन-इन-वनचे डोस. यातल्या लेप्टोसाठी, म्हणजे लेप्टोस्पायरोसिससाठी, दोन डोस लागतात. तीन महिने पूर्ण झाल्यावर रेबीज. सोळा आठवड्यांनंतर एकत्रित लसीचा शेवटचा डोस. पुढे सहाव्या महिन्यानंतर किंवा वर्षाने बूस्टर. रेबीज आणि लेप्टो त्यानंतर दरवर्षी. तुमच्या डॉक्टरांनी यात थोडा फरक केला असेल तर त्यांचं ऐका. मात्र "तीन डोस झाले, आता मोकळे" असं म्हणताना शेवटचा डोस कितव्या आठवड्यात पडला, हे नक्की विचारा. डोस किती झाले यापेक्षा शेवटच्या डोसच्या वेळचं वय महत्त्वाचं.

विकत घेतलेल्या पिल्लासोबत "सगळ्या लसी झाल्यात" असं सांगून कार्ड दिलं जातं. त्यावर लसीच्या बाटलीचं स्टिकर, बॅच क्रमांक, तारीख आणि डॉक्टरांची सही व नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहा. लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. विकणाऱ्याने घरच्या फ्रीजमधली बाटली काढून स्वतःच टोचली असेल, तर त्या नोंदीवर विसंबू नका. आणखी एक गोष्ट. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. पाच आठवड्यांचं पिल्लू कुणी पुढे करत असेल, तर तिथेच सावध व्हा.

जमिनीत दडलेलं काय?

पहिला शत्रू पार्वो. 1978 मध्ये हा विषाणू ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. आजारी कुत्र्याच्या शीतून तो बाहेर पडतो आणि मातीत महिनोन्महिने, कधी वर्षभरही तग धरतो. शी वाळून दिसेनाशी झाली तरी विषाणू तिथेच असतो. चपलेच्या तळव्याला चिकटून तो घरातही येतो. आपल्याकडे चपला दाराबाहेर काढण्याची पद्धत आहे, ती पिल्लू लहान असेपर्यंत पाहुण्यांनाही पाळायला लावा. घरात पूर्वी पार्वोने पिल्लू गेलं असेल, तर नेहमीच्या फिनाइलवर भिस्त ठेवू नका. फरशी आधी धुऊन घ्या, मग एक भाग घरगुती ब्लीच तीस भाग पाण्यात मिसळून दहा मिनिटं फरशीवर राहू द्या आणि नंतर स्वच्छ पाण्याने पुसा. अंगणातली माती अशी निर्जंतुक होत नाही. तिथे नवं पिल्लू लसी पूर्ण झाल्यावरच सोडा.

दुसरा डिस्टेंपर. हा विषाणू जमिनीत फार टिकत नाही. आजारी कुत्र्याच्या शिंकण्या-खोकण्यातून पसरतो. डोळ्या-नाकातून स्राव, ताप, खोकला आणि पुढे अंगाला झटके, असा त्याचा प्रवास. म्हणून गेटजवळची भटकी कुत्री कितीही गोड वागत असली, तरी लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाची त्यांच्याशी नाकाला नाक लावून ओळख नको.

तिसरा लेप्टो, आणि तो पावसाळ्यात माणसांनाही होतो हे मुंबईकरांना सांगायला नको. उंदीर-घुशींचं मूत्र साचलेल्या पाण्यात मिसळतं. पिल्लू ते पाणी चाटतं, त्यातून चालतं. जून ते सप्टेंबर या काळात डबकं दिसलं की पिल्लू उचलून घ्या.

रेबीजबद्दल वेगळंच बोलायला हवं. त्याची लक्षणं एकदा दिसू लागली की उपचार नाही. कुत्र्यालाही नाही, माणसालाही नाही. लहान पिल्लालाही रेबीज होऊ शकतो. रस्त्यावरून उचलून आणलेलं पिल्लू मुलाला चावलं, किंवा त्याच्या दाता-नखांनी ओरखडा आला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जा. हळद, चुना, तिखट काही लावू नका.

कडेवरची भटकंती

पिल्लाच्या मनाची खिडकी साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत सताड उघडी असते. या काळात जे शांतपणे भेटतं, ते त्याला पुढे आयुष्यभर नेहमीचं वाटतं. लसींचं वेळापत्रक आणि ही खिडकी एकाच वेळी चालतात. म्हणून लसी संपायची वाट पाहत बसलात, तर खिडकी मिटलेली असते.

तेव्हा पिल्लाला कडेवर, टोपलीत किंवा ओढणीच्या झोळीत घ्या आणि दिवसातून दहा-पंधरा मिनिटं खाली उतरा. कचऱ्याची गाडी, भाजीवाल्याची हाक, शाळेच्या बसमधून उतरणारी मुलं, काठी टेकत चालणारे आजोबा, छत्री उघडणारी बाई, सगळं लांबून दाखवा. सोबत उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा छोटा तुकडा द्या. ते खात असेल तर ठीक चाललंय. तुकडा नाकारत असेल, शेपूट पोटाखाली घेत असेल, सारखी जांभई देत किंवा ओठ चाटत असेल, तर अंतर वाढवा. ढोल-ताशाच्या पथकाजवळ किंवा दिवाळीच्या फटाक्यांत नेऊन "सवय लागू दे" म्हणू नका. त्याने सवय लागत नाही, भीती बसते.

लसी पूर्ण झालेला, निरोगी आणि शांत स्वभावाचा मोठा कुत्रा नातेवाइकांकडे असेल, तर त्यांच्या घरी पिल्लाला खुशाल खाली सोडा. पिल्लांचे प्रशिक्षण वर्गही, पहिल्या लसीला आणि जंताच्या औषधाला किमान आठवडा झालेला असेल, तिथे प्रत्येकाचं लसीकरण कार्ड पाहत असतील आणि फरशी स्वच्छ ठेवत असतील, तर चालतात. आमच्या दवाखान्यात मात्र पिल्लाला जमिनीवर ठेवू नका. आजारी कुत्री येतात ती तिथेच. आपला नंबर येईपर्यंत ते मांडीवरच बरं.

शी-शूसाठी तोवर घरातच सोय करा. बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये वर्तमानपत्र किंवा पॅड ठेवा. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर पिल्लाला तिथे न्या. पाय टेकवायला इमारतीची गच्ची बरी, पण तिथे इतर कुत्री येत नसतील आणि कठडा पक्का असेल तरच.

पट्टा, लिफ्ट आणि पहिला रस्ता

पहिल्या फेरीच्या आठवडाभर आधी घरातच पट्ट्याची सवय लावा. छातीला बसणारा हार्नेस किंवा साधा चपटा पट्टा घ्या. पट्टा आणि अंग यांत दोन बोटं सहज शिरली पाहिजेत. गळा आवळणारी साखळी पिल्लाला नको. लिफ्टमध्ये शिरताना पिल्लू उचलून घ्या. दोरी दारात अडकून झालेले अपघात गंभीर असतात.

सुरुवातीला पाच-दहा मिनिटं पुरे. कचराकुंडी, मटणाचं दुकान आणि भटक्या कुत्र्यांना खायला घालतात ती जागा टाळा. पिल्लाला हुंगू द्या. चालण्याइतकाच त्याला हुंगण्यातून व्यायाम होतो. ते बसलं तर ओढू नका. स्कूटरमागे पळवणं पूर्णपणे बंद. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड यांसारख्या मोठ्या जातींच्या हाडांची वाढ पूर्ण व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तोवर लांब पल्ल्याची सक्तीची धाव आणि सतत जिने उतरवणं नको. मऊ जमिनीवर त्याच्या मनाने केलेला खेळ मात्र चांगला.

मार्च ते मेमध्ये रस्ता तापलेला आहे का, हे हाताच्या पालथ्या बाजूने पाहा. सात सेकंद हात टेकवता आला नाही, तर पिल्लाचे पंजेही भाजतील. सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा जा. पग आणि शिह त्झूसारख्या चपट्या नाकाच्या पिल्लांना उष्माघात लवकर होतो, त्यांच्यासाठी पाणी सोबतच ठेवा. पावसाळ्यात बेडूक तोंडात धरण्याची हौस पिल्लांना फार असते. काही बेडकांच्या त्वचेतलं विष लाळ, उलट्या आणि झटके आणतं. तसं झालं तर ओल्या फडक्याने तोंड आतून पुसत लगेच दवाखाना गाठा.

घरी आल्यावर पाय धुऊन कोरडे करा. कानांच्या आत, बोटांच्या मध्ये आणि पट्ट्याखाली गोचीड शोधा. गोचीड दिसलीच तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल लावू नका, बोटांनी चिरडू नका. गोचीड-तापाने वाढलेली कुत्रीही जातात. गोचिडीचं औषध पिल्लाच्या वजनावर आणि वयावर ठरतं, ते विचारूनच घ्या. जंताचं औषध पहिले दोन महिने दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. हे जंत मुलांनाही होतात, म्हणून पिल्लाशी खेळल्यावर मुलांना हात धुवायला लावा.

कधी थांबायचं नाही

पिल्लाने खाणं सोडलं, ते मलूल झालं, उलट्या सुरू झाल्या, शी पातळ, रक्ताळ किंवा घाणेरड्या वासाची झाली, तर दहीभात देऊन सकाळची वाट पाहू नका. पार्वोवर विषाणू मारणारं हुकमी औषध आमच्याकडे नाही. सलाइन, उलट्या थांबवणारी औषधं आणि जोडीच्या संसर्गावर प्रतिजैविकं देऊन पिल्लाला तगवायचं असतं, आणि त्यात काही तासांचाही फरक पडतो. निघण्याआधी फोन करा, म्हणजे तुमच्या पिल्लाला इतरांपासून वेगळं ठेवता येईल. माणसांच्या गोळ्या, विशेषतः पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन, अजिबात देऊ नका.

लस टोचल्यावर एखादा दिवस पिल्लू झोपाळू राहतं, त्यात काळजीचं कारण नाही. पण तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या, दम लागला किंवा लगेच उलट्या झाल्या, तर तसेच मागे फिरा. त्यासाठी लसीनंतर अर्धा तास दवाखान्याच्या आवारात थांबलेलं बरं.

वाचकांचे नेहमीचे दोन प्रश्न

*मोठा कुत्रा दत्तक घेतला, लसींचा इतिहास माहीत नाही. त्यालाही चार महिने कोंडायचं का?* नाही. सोळा आठवड्यांपुढच्या कुत्र्यात आईच्या प्रतिपिंडांचा अडथळा उरलेला नसतो. तपासणी करून एकत्रित लस आणि रेबीज द्या. दोनेक आठवडे शांत जागी, पट्ट्यावरच फिरवा. लेप्टोचा दुसरा डोस चुकवू नका.

*आमच्या सोसायटीत सगळे कुत्रे लसवंत आहेत, मग बागेत लवकर सोडलं तर?* सोसायटीची बाग भिंतीच्या आत असली, तरी रात्री तिथे कोण येऊन जातं ते वॉचमनला विचारा. भटकी कुत्री येत असतील, तर ती बाग रस्त्यासारखीच समजा.

मुंबई, पुण्यासारख्या महापालिकांत कुत्र्याचा परवाना लागतो आणि त्यासाठी रेबीजचं प्रमाणपत्र मागतात. म्हणजे ज्या कार्डावर पिल्लाच्या फिरण्याची तारीख ठरते, तेच तिथेही लागतं. पुढच्या डोसला येताना ते कार्ड आणि पिल्लाचा जन्मदिनांक, नक्की माहीत नसेल तर घरी आणल्याची तारीख, सोबत आणा. दातांवरून वयाचा अंदाज आम्ही काढू, आणि पाय रस्त्याला लावायचा दिवस त्याच भेटीत कार्डावर लिहून देऊ.