वाम म्हणजे नक्की कोणता मासा?

मुलांनो, रिंगास्किडीच्या धक्क्यावरून दिसतं ते कॉर्क बंदराचं पाणी. ली नदी इथेच समुद्राला मिळते. या नदीत सापासारखा लांब, बुळबुळीत मासा राहतो. इंग्रजीत त्याला ईल म्हणतात, आयरिश भाषेत अस्कन. मराठीत काय म्हणायचं? घरी विचाराल तर बहुतेक 'वाम' असं उत्तर मिळेल. पण कोणती वाम?

एक नाव, वेगवेगळे मासे

कोकणातल्या बाजारात मिळणारी वाम समुद्रातली असते. घाटावरच्या नद्यांमध्ये सापडणारी वाम वेगळी. तिच्या पाठीवर बारीक काट्यांची रांग असते. आणि आपल्याकडच्या नद्यांत खरा ईलसुद्धा आहे, त्याला काही ठिकाणी अहीर म्हणतात. तिन्ही मासे लांबुळके, म्हणून नावांचा गोंधळ होतो.

माझ्या ऑफिसमध्ये एकाच नावाचे दोघे असले तरी एम्प्लॉयी आयडी प्रत्येकाचा वेगळा असतो. शास्त्रीय नावाचं काम तेच. ते जगभर एकच असतं.

वर्गीकरणाची शिडी

मी मराठी शाळेत सातवी-आठवीत हा क्रम पाठ केला होता: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. ली नदीतल्या ईलसाठी शेवटच्या चार पायऱ्या अशा:

गण – अँग्विलिफॉर्मिस
कुल – अँग्विलिडी
प्रजाती – अँग्विला
जाती – अँग्विला अँग्विला

आपला अहीर म्हणजे अँग्विला बेंगालेन्सिस. प्रजाती तीच, जाती वेगळी. म्हणजे हे दोघे सख्ख्या भावंडांसारखे. समुद्रातल्या वामेचं कुल वेगळं, पण गण हाच. ती चुलत बहीण. काटेरी नदीतली वाम मात्र मॅस्टॅसेम्बेलस आर्मेटस, तिचा गणही वेगळा. गंमत बघा, दिसायला सारखी आणि गोड्या पाण्यातली, तरी नात्याने तीच सर्वांत लांबची!

नाव बदलतं कसं?

१७५८ साली कार्ल लिनियसने या ईलला मुरिना अँग्विला म्हटलं. पुढे त्याची स्वतंत्र प्रजाती झाली, पण जातीचं नाव टिकलं. प्रजाती बदलली की मूळ नाव देणाऱ्याचं नाव कंसात लिहितात: अँग्विला अँग्विला (लिनियस, १७५८). कंस दिसला की समजायचं, या प्राण्याचं घर बदललंय.

याच्या उलट गोंधळही झाला. १८५६ साली काउप नावाच्या शास्त्रज्ञाने पानासारख्या चपट्या, पारदर्शक माशाला लेप्टोसेफॅलस ब्रेव्हिरोस्ट्रिस असं नाव दिलं. १८९६ मध्ये ग्रासी आणि कालांद्रुच्चो या इटालियन शास्त्रज्ञांनी दाखवलं, की हे तर ईलचंच पिल्लू! नावं दोन, प्राणी एकच. मग जुनं नाव राहिलं. ही पिल्लं अटलांटिकमधल्या सारगासो समुद्रात जन्मतात आणि ५,००० किलोमीटरहून जास्त प्रवास करून इकडच्या नद्यांपर्यंत येतात.

नावाने काय फरक पडतो?

खूप पडतो. हा मासा २००८ पासून जागतिक लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' आहे. आयर्लंडने २००९ मध्ये त्याची व्यावसायिक मासेमारी बंद केली. युरोपीय संघाबाहेर तो विकायलाही बंदी आहे. पण वेगवेगळ्या जातींची काचेसारखी पिल्लं जवळजवळ सारखीच दिसतात. तस्कर खोक्यावर दुसऱ्याच जातीचं नाव लिहितात, आणि अधिकाऱ्यांना डीएनए तपासून खरं नाव शोधावं लागतं. कायदा त्या नावालाच लागू होतो.

म्हणून घरी 'वाम' जरूर म्हणा, ते आपलं नाव आहे. फक्त पुढच्या वेळी विचारा: कुठली वाम?

शब्दार्थ
बुळबुळीत – हातातून निसटणारा
घाट – इथे सह्याद्रीच्या वरचा प्रदेश
तस्कर – चोरून माल नेणारा

स्वाध्याय
१. अहीर आणि ली नदीतला ईल यांची कोणती पायरी सारखी आहे?
२. कंसातल्या '(लिनियस, १७५८)' वरून काय कळतं?
३. आजी-आजोबांना फोन करून विचारा: तुमच्या गावात वाम कशाला म्हणतात? उत्तर पाच वाक्यांत लिहा.