अमिल्कार काब्राल : मातीचा अभ्यासक, मुक्तीचा शिक्षक

शिक्षण घेऊन बाहेर पडलेल्या माणसाने कोठे जावे, हा प्रश्न प्रत्येक निवासी शाळेच्या दारात उभा असतो. वस्तीतून मूल शाळेत येते, शिकते, पदवी मिळविते, नोकरीला लागते. आणि ज्या वस्तीने त्याला पाठविले, तिच्यात व त्याच्यात हळूहळू अंतर पडत जाते. पश्चिम आफ्रिकेतील एका कृषिशास्त्रज्ञाने या प्रश्नाचे उत्तर आपल्या आयुष्यानेच दिले. त्यांचे नाव अमिल्कार काब्राल. गिनी-बिसाऊ आणि केप व्हर्दे या दोन देशांच्या स्वातंत्र्यलढ्याचे ते शिल्पकार होत. त्यांच्या कार्याचा थोडक्यात परिचय करून घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दुष्काळाच्या बेटांवरचे बालपण

काब्राल यांचा जन्म १२ सप्टेंबर १९२४ रोजी तेव्हाच्या पोर्तुगीज गिनीतील बाफाता येथे झाला. वडील शिक्षक होते. आई शिवणकाम व मिळेल ती मजुरी करून संसाराला हातभार लावी. कुटुंब मूळचे अटलांटिक महासागरातील केप व्हर्दे बेटांवरचे. पुढे ते तेथेच परतले आणि मिंदेलो शहरात अमिल्कार यांचे माध्यमिक शिक्षण झाले. या बेटांवर पाऊस अत्यंत बेभरवशाचा. १९४० च्या दशकात तेथे लागोपाठ दुष्काळ पडले व हजारो माणसे अन्नावाचून मेली. पाऊस पडणे न पडणे निसर्गाच्या हाती असते. परंतु भुकेल्यांपर्यंत धान्य पोहोचविणे राजवटीच्या हाती असते, ही जाणीव त्या पिढीच्या मनात तेव्हाच रुजली.

१९४५ साली शिष्यवृत्ती मिळवून काब्राल लिस्बनच्या कृषी महाविद्यालयात दाखल झाले. जमिनीची धूप हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. याच शहरात अंगोलाचे आगोस्तिन्हो नेतो आणि मारियो द आंद्रादे यांच्यासारखे विद्यार्थी त्यांना भेटले. पोर्तुगालचा इतिहास मुखोद्गत असलेल्या या तरुणांना स्वतःच्या आफ्रिकेविषयी मात्र शाळेने काहीच शिकविले नव्हते. त्यांनी एकत्र बसून आपल्या समाजाचा अभ्यास आरंभिला. काब्राल यांच्या राजकीय जीवनाची सुरुवात अशी अभ्यासमंडळातून झाली.

शेतीच्या गणतीतून समाजाची ओळख

१९५२ साली सरकारी कृषिशास्त्रज्ञ म्हणून ते गिनीत परतले. लिस्बनमध्ये राहून सुखाची नोकरी करणे त्यांना शक्य होते. पण त्यांनी जन्मभूमीची वाट धरली. पुढच्याच वर्षी वसाहतीतील शेतीची गणती करण्याचे काम त्यांच्याकडे आले. पत्नी मारिया हेलेना याही कृषिशास्त्रज्ञ होत्या. त्यांच्या सहकार्याने काब्राल यांनी गावोगाव फिरून हे काम पार पाडले. कोणत्या गावात कोणते पीक निघते, जमीन कोण कसतो, बांध कोण घालतो, उत्पन्न कोणाच्या घरात जाते, याची त्यांनी नोंद केली. भरतीचे खारे पाणी बांध घालून रोखणाऱ्या आणि त्या चिखलात भात पिकविणाऱ्या बालांता शेतकऱ्यांचे कौशल्य त्यांनी जवळून पाहिले. निर्यातीसाठी भुईमूग घेण्याच्या सक्तीने जमिनीचा कस कसा जातो आणि घरचे धान्य कसे कमी पडते, हेही त्यांच्या ध्यानात आले.

गणती सरकारसाठी होती. पण तिच्यातून काब्राल यांना आपला समाज कळला. कोणत्या जमातीत सरदारांचे वर्चस्व आहे, कोणत्या जमातीत कोणीही वरिष्ठ नाही, स्त्रियांना कोठे किती अधिकार आहेत, हे त्यांनी कोणत्याही पुस्तकातून उचलले नव्हते. पुढे लढा उभारताना हेच ज्ञान त्यांच्या कामी आले. दुसऱ्या देशाची क्रांती जशीच्या तशी आपल्याकडे आणता येत नाही, प्रत्येक समाजाने आपले वास्तव आधी समजून घेतले पाहिजे, या त्यांच्या ठाम मताचे मूळ या भ्रमंतीत आहे.

लढ्याचा आरंभ

त्या काळी पोर्तुगीज कायद्याने गिनीतील लोकांचे ‘सुसंस्कृत’ आणि ‘देशी’ असे दोन भाग पाडले होते. शंभरातील एकालाही ‘सुसंस्कृत’ हा दर्जा लाभला नव्हता. उरलेल्यांना नागरिकत्वाचे हक्क नव्हते. काब्राल स्वतः वरच्या गटात मोडत होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९५६ साली त्यांनी मोजक्या सहकाऱ्यांसह गिनी व केप व्हर्दे यांच्या स्वातंत्र्यासाठी गुप्तपणे पक्ष स्थापन केला. पीएआयजीसी या नावाने तो ओळखला जातो.

३ ऑगस्ट १९५९ रोजी बिसाऊच्या पिजिगीती गोदीतील कामगारांनी वेतनवाढीसाठी संप केला. पोलिसांनी केलेल्या गोळीबारात सुमारे ५० कामगार मृत्युमुखी पडले. शहरातील शांततामय मार्ग बंद झाल्याचे ओळखून पक्षाने खेड्यांकडे मोर्चा वळविला. शेजारच्या गिनी देशातील कोनाक्री येथे मुख्य कचेरी हलविण्यात आली. तीन वर्षे गावोगाव बैठका आणि प्रशिक्षण चालले व जानेवारी १९६३ मध्ये सशस्त्र लढ्यास तोंड फुटले.

या लढ्याचा एक धागा आपल्या कोकण किनाऱ्याशीही जोडलेला आहे. एप्रिल १९६१ मध्ये मोरोक्कोतील कासाब्लांका येथे पोर्तुगीज वसाहतींतील राष्ट्रीय संघटनांची संयुक्त परिषद स्थापन झाली. तिच्यात आफ्रिकेतील वसाहतींबरोबर गोव्यातील संघटनाही सहभागी होत्या. गोव्यात जन्मलेले आकिनो द ब्रागांसा हे या परिषदेचे एक प्रमुख कार्यकर्ते होते. त्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. आफ्रिकेतील बांधवांना मात्र आणखी बारा-तेरा वर्षे झगडावे लागले.

झाडाखालच्या शाळा

काब्राल यांचे खरे मोठेपण रणांगणापेक्षा मुक्त प्रदेशातील रचनात्मक कार्यात दिसते. १९६४ च्या फेब्रुवारीत कासाका येथे पक्षाचे अधिवेशन भरले. काही लढवय्ये प्रमुख आपापल्या भागात छोटे राजे होऊन बसले होते व गावकऱ्यांना छळत होते. काब्राल यांनी हा दोष झाकून ठेवला नाही. अधिवेशनातच त्याची चौकशी झाली आणि सैन्य पक्षाच्या नियंत्रणाखाली आणले गेले. लोकांशी खोटे बोलू नये, अडचणी व चुका लपवू नयेत, सहज विजयाच्या बढाया मारू नयेत, ही शिकवण त्यांनी कार्यकर्त्यांना दिली. लोक कल्पनांसाठी लढत नाहीत, बरे जगता यावे आणि मुलांचे भविष्य सुरक्षित व्हावे म्हणून लढतात, असे ते सांगत.

म्हणून स्वातंत्र्याची वाट न पाहता शाळा, दवाखाने व लोकभांडारे सुरू झाली. प्रत्येक गावात पाच जणांची समिती निवडली जाई आणि तिच्यात किमान दोन स्त्रिया असाव्यात असा दंडक होता. शाळा जंगलात, दाट झाडांच्या आडोशाला भरत. बाके लाकडांची व फांद्यांची असत. विमानांचा आवाज येताच मुले खंदकांकडे धावत. तरीही १९७० च्या सुमारास अशा दीडशेहून अधिक शाळा चालू होत्या. लढ्यात आईवडील गमावलेल्या व लढवय्यांच्या मुलांसाठी कोनाक्री येथे १९६५ साली एक निवासी शाळा उघडण्यात आली. काब्राल कामाच्या गर्दीतही तेथे जात व मुलांत रमत. या शाळांची पाठ्यपुस्तके स्वीडनमधील उप्साला येथे छापून येत. स्वतःचे छापखाने नसलेल्या एका लोकसमूहाने आपली पुस्तके आधी घडविली व आपले राष्ट्र नंतर, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

१९६६ साली हवाना येथील भाषणात त्यांनी सुशिक्षित वर्गापुढे कठोर पर्याय ठेवला. वसाहतीच्या राजवटीने शिकविलेल्या माणसाने एकतर जुन्या मालकांच्या खुर्चीत बसावे, अथवा आपल्या वर्गाचे हितसंबंध सोडून कष्टकऱ्यांत विलीन व्हावे. मधला मार्ग नाही, असा त्याचा आशय होता.

अंत आणि वारसा

स्वातंत्र्य नजरेच्या टप्प्यात आले असताना, २० जानेवारी १९७३ रोजी कोनाक्री येथे काब्राल यांची हत्या झाली. गोळी झाडणारा त्यांच्याच पक्षातील होता. त्यांच्या अंत्यविधीस निघालेली लढवय्यी तितिना सिला हीदेखील वाटेत फारीम नदीवर मारली गेली. परंतु चळवळ थांबली नाही. २४ सप्टेंबर १९७३ रोजी मुक्त प्रदेशातील मादिना दो बोए येथे गिनी-बिसाऊच्या स्वातंत्र्याची घोषणा झाली. एप्रिल १९७४ मध्ये पोर्तुगालमधील हुकूमशाही ज्या लष्करी अधिकाऱ्यांनी उलथविली, त्यांतील अनेकांनी गिनीत सेवा केली होती. एका छोट्या वसाहतीच्या लढ्याने राज्यकर्त्या देशालाही मुक्तीची वाट दाखविली. ५ जुलै १९७५ रोजी केप व्हर्देही स्वतंत्र झाले.

वारशाचे मूल्यमापन प्रामाणिकपणे करावयाचे, तर पुढची कटू बाजूही सांगितली पाहिजे. १९८० च्या लष्करी उठावाने दोन्ही देशांच्या ऐक्याचे स्वप्न भंगले. गिनी-बिसाऊला त्यानंतरही उठाव व यादवी यांनी वारंवार ग्रासले. केप व्हर्देने मात्र लोकशाही टिकविली. काब्राल यांनी ज्या रोगाची चाहूल कासाका येथे घेतली होती, तोच रोग त्यांच्या पश्चात बळावला : लोकांसाठी हाती घेतलेली सत्ता काहींनी स्वतःसाठी वापरली. त्यांचा विचार यामुळे खोटा ठरत नाही. त्याची गरजच अधिक स्पष्ट होते.

आज २० जानेवारी हा दिवस दोन्ही देशांत वीरदिन म्हणून पाळला जातो. आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी काब्राल यांच्याकडून एकच गोष्ट घेतली तरी पुरे. लिस्बनची पदवी घेतल्यावर ते आपल्या लोकांत प्रथम पुढारी म्हणून गेले नाहीत. हाती वही घेऊन ते शेतकऱ्याच्या बांधावर गेले, त्याला प्रश्न विचारले आणि त्याची उत्तरे लिहून घेतली. ज्या वस्तीने आपल्याला शाळेत पाठविले, तिच्याकडे परत जाण्याची वाट येथूनच सुरू होते. सल्ला देण्यासाठी जाणारे पुष्कळ भेटतात. ऐकून घेण्यासाठी आपण शेवटचे केव्हा गेलो होतो, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.