कुरणातील शाळा

शिक्षकबंधूंनो, अनुताई वाघ ह्यांचे चरित्र आपण लक्षपूर्वक अभ्यासावे. सन १९१० त जन्मलेल्या ह्या बाईंस बालवयातच वैधव्य आले. परंतु शिकून त्या शिक्षिका झाल्या, आणि दिवसा शिकवून रात्रीच्या शाळेतून मॅट्रिकही झाल्या. १९४५ साली त्या ताराबाई मोडक ह्यांच्याबरोबर तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस गेल्या. पुढे कोसबाडास वारली मुले शाळेत येईनात, कारण गुरे राखणे त्यांस भाग होते. अशा वेळी आईबापांस दोष देणे किती सोपे! आपल्या हजेरीपटावरील गैरहजर मूल त्या घटकेस कोठे असते, हे आपण कधी जाऊन पाहिले आहे काय? ह्या दोघींनी शाळाच कुरणात नेली. पाने, बिया व खडे मोजून मुले अंक शिकत, आणि गुरांवर डोळा ठेवूनच धडा चाले.